फॉर्मवर लिहिलेली मराठी

नवरा नोकरीसाठी इंग्लंडला आधी गेला. मुलीचं वर्ष संपेपर्यंत आम्ही दोघी दुबईत अल कुसैसलाच राहिलो. इंग्लंडमधल्या एका सरकारी शाळेत तिला नववीसाठी जागा मिळाली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. मग शाळेचा फॉर्म आला.

लसी, ॲलर्जी, चष्मा, पोहता येतं का, सगळं भरलं. ‘पहिली भाषा’ या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार? घरी मी मराठीच बोलते. मुलगी इंग्लिशमध्ये उत्तरं देते ते सोडा.

आठवड्यानं शाळेचा मेल आला. मुलीला इंग्लिश शिकवायला जादा तास ठेवणार होते. त्याआधी दुभाष्यासह व्हिडिओ कॉल. मुलीनं माझ्या मागे उभं राहून मेल वाचला.

“ममा, दे थिंक आय कान्ट स्पीक इंग्लिश,” एवढं म्हणून ती खोलीत गेली आणि जेवायलाही बाहेर येईना.

मी शाळेत फोन लावला. ऑफिसातल्या बाई फार गोड बोलत होत्या आणि काहीही ऐकत नव्हत्या. मुलीला लहानपणापासून इंग्लिश येतं, असं मी तीनदा सांगितलं. बऱ्याच पालकांना तसं वाटतं, असं त्या तीनदा म्हणाल्या. फॉर्म आता सिस्टीममध्ये गेला होता, खलास. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मुकाट्यानं इंग्लिश लिहायचं होतंस. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

कॉलवर एक शिक्षिका होत्या आणि दुभाषी म्हणून एक मराठी बाई. त्या बिचाऱ्या प्रेमानं म्हणाल्या, “बाळा, शाळेत कुठला विषय आवडतो तुला?” मुलगी जी सुरू झाली, ती पेशींच्या विभाजनावर फाडफाड इंग्लिशमध्ये बोलत सुटली. शिक्षिका ओशाळून म्हणाल्या, जादा तास रद्द करते, आणि पहिली भाषाही इंग्लिश करून टाकते.

मी इतकी वैतागले होते की हो म्हणणार होते.

“नो, प्लीज लीव्ह इट,” मुलगी म्हणाली. मग दुभाषी बाईंकडे बघत, अडखळत, मराठीत म्हणाली, “माझा भाषा मराठीच आहे. मला फक्त नीट येत नाय.”

त्या बाईंनी आपलं काम म्हणून ते वाक्य शिक्षिकेला इंग्लिशमध्ये सांगितलं. मी पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये गेले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

तास रद्द झाले, मराठी राहिली. आता आम्ही इथून निघायच्या आधीच शाळेची पत्रं मला मशीननं केलेल्या मराठीत येतात. परवाच्या पत्रात मला ‘पालकांच्या संध्याकाळी हजर असावे’ असं लिहिलं होतं. ही ‘पेरेंट्स ईव्हनिंग’, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायची सभा, हे मुलीनं वेबसाइटवरची इंग्लिश प्रत शोधून मला समजावलं. पत्रं सरळ इंग्लिशमध्येच पाठवा, असा मेल मी केला. त्याचं उत्तरही मराठीत आलं.