फहमखालाची शेगडी

फहमखाला कोळसा कानाने निवडायची. दोन तुकडे उचलायची, एकमेकांवर आपटायची आणि मान तिरकी करून ऐकायची. खणखणीत आवाज आला तर पसंत. 'भद्' असं वाजलं की "ओला हाय. पाणी मारून वजन वाढवलंन!" असं म्हणून तुकडा पोत्यात परत टाकायची, तोही अशा नजरेने की दुकानदाराने मान खाली घालावी. आमच्याकडे मुलीचं स्थळ बघतानासुद्धा इतकी चौकशी होत नाही.

अरबीत कोळशाला फहम म्हणतात. दुबईतल्या अल मनखूलला आमच्या समोरच्या दारात राहणारी ही रत्नागिरीची बाई कोळशावरून किराणावाल्याशी दर महिन्याला भांडायची, म्हणून बिल्डिंगमधल्या पोरांनी तिचं हे नाव ठेवलं. खालाला त्याचा राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता. तिच्या गावाकडे आठवणीला, भानाला 'फाम' म्हणतात. त्यावरून तिने स्वतःची म्हणच तयार केली होती, "फाम नाय त्यानं फहम घेव नये." मी पुण्याची. मला त्यातलं फाम कळलं नव्हतं, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारधर्म म्हणून हसले होते.

दुबईत शेगडी कशाला, असं कोणीही विचारील. आम्हीही हसायचो. पण नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, जानेवारीत, माझी सई तीन आठवडे आधीच जन्माला आली आणि आमचं हसू आटलं. जेमतेम दोन किलोची पोर. तिला ऊब द्या, वजन वाढलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळंतपणाला येणारी आई निघायच्या आठवडाभर आधी पाय मोडून अंथरुणाला खिळली होती. त्यात आमच्या बिल्डिंगचा एसी सेंट्रल, जानेवारीतही गार हवा सोडणारा. वॉचमनला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, मेंटेनन्सवाला आयेगा, इन्शाल्ला." मग विवेकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भिंतीतल्या जाळीवर पुठ्ठा चिकटवला.

तिसऱ्या दिवशी खालाने दारात उभं राहून जाहीर केलं, "तुझी आई नाय ना गो येत? मग शेक मी देतंय. खलास." मला विचारायची पद्धत नव्हती.

पण शेकाआधी कोळसा आला, आणि कोळसा म्हणजे खालाची परीक्षा. विवेक उत्साहाने खालच्या दुकानातून गोल वड्यांचं पाकीट घेऊन आला. बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायला वापरतात त्या, काडी लावताच तडतड पेट घेणाऱ्या. इंजिनियरच तो, झटपट पेटतं म्हणजे चांगलं, असा त्याचा हिशोब. खालाने एक वडी हुंगली आणि नाक मुरडलं. "विवेकभाई, ह्यात दारू हाय. फटाक्यातली. पोरीचं बारसं करायचंय का दिवाळी?" पुढे महिनाभर विवेक दिसला की ती त्याला "काय दिवाळी?" म्हणूनच हाक मारायची.

मग तिचा नवरा, ज्याला आम्ही चाचा म्हणायचो, तिला आपल्या पिकअपमधून रास अल खोरच्या घाऊक बाजारात घेऊन गेला. विवेकलाही शिक्षा म्हणून सोबत नेलं. त्याने परत आल्यावर केलेलं वर्णन मला अजून पाठ आहे. खालाने सात पोती उघडायला लावली. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची भुकटी वर काढली, कारण तिच्या मते पोत्याचा खरेपणा तळाशी असतो. लाकडी कोळसा खणखणीत होता तरी नाकारला. "ठिणग्या उडवतो. मटणाला चालंल, बाळंतिणीला नाय." शेवटी दुकानदाराने कंटाळून खोकं पुढे केलं. त्यात लाकडाचा भुसा दाबून, जाळून केलेल्या कांड्या होत्या, मधे भोक असलेल्या, एकसारख्या. खालाने एक कांडी मोडली, बोट फिरवून किती काळं होतं ते पाहिलं आणि दुसरी कांडी सरळ दुकानदाराच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली. तो "हबीबी, ये मेरा पीने का पानी है!" म्हणून ओरडला. खाला शांतपणे कांडी विरघळते का ते बघत राहिली. विरघळली नाही. मग तिथेच त्याच्या दारात एक जाळून पाहिली. ठिणगी नाही, वास नाही, मागे चिमूटभर पांढरी राख. "हीच," खाला म्हणाली. पस्तीस दिरहमचं खोकं, म्हणजे रुपये किती, हे तोंडी करेपर्यंत विवेकचा अर्धा दिवस गेला होता.

पसंतीनंतरचे नियम वेगळेच. कांडी बाल्कनीतच पेटवायची. धूर पूर्ण मरून वर पांढरी साय धरल्याशिवाय शेगडी उंबरा ओलांडणार नाही. आणि खिडकी उघडी. एवढी गार हवा बंद करायला आम्ही जाळीला पुठ्ठा लावला, आणि ही बाई खिडकी उघडायची! दारातून आत येताना सलाम-नमस्कार राहिला बाजूला, पहिला प्रश्न एकच, "खिडकी उघडलंस?" विवेक तिची नक्कल करायचा. ऑफिसला जाताना मला विचारायचा, "खिडकी उघडलंस?" आणि आम्ही दोघं खिदळायचो. खाला मात्र निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा टाकून, हाताचे तळवे शेकून सईच्या पोटावर ठेवायची. पोरगी मांजरीसारखी अंग ताणायची. पंधरा दिवसांत तिच्या गालांना गोलाई आली.

एका शुक्रवारी बाहेर वाळूचं वारं सुटलं होतं. खालाला यायला उशीर होत होता. विवेक घरीच होता, म्हणाला, "त्यात काय आहे? मी पेटवतो." बाल्कनीत वाऱ्याने जमेना, म्हणून अर्धवट पेटलेली शेगडी त्याने आत आणली. आणि धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली. मला जरा वेळाने डोकं जड वाटायला लागलं. म्हटलं, जागरणाने असेल. सई गप्प होती. विवेक कौतुकाने म्हणाला, "बघ, आज किती शांत झोपलीय."

तेवढ्यात बेल वाजली आणि विवेकने दार उघडलं. "खिडकी उघडलंस?"

"नाही खाला, डस्ट येतेय ना—"

खाला चपलांसकट आत धावली. तिने खिडकी धाडकन उघडली, सईला उचललं आणि बाल्कनीत गेली. "शेगडी भायेर काढ! तू पण ये गो!" मी भिंत धरत धरत बाहेर गेले. वाळू तोंडावर येत होती. खाला सईचे तळपाय चोळत होती, टिचक्या मारत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग सईने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. खाला तिथेच जमिनीवर बसली आणि तीही रडायला लागली.

दवाखान्यात जाऊन आलो. सगळं ठीक होतं. संध्याकाळी खाला माझ्याजवळ बसून म्हणाली, "माझा पयला झील अकरा दिवसांचा होता. थंडी म्हणून खिडकी लावली होती, कोळसा अर्धा कच्चा. सगळी म्हणत होती, किती गुणाचं पोर, रडत नाय." सईचं दुपटं सारखं करत म्हणाली, "लोकं विसरली गो. मला फाम हाय."

फाम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या नकला आम्ही त्यानंतर केल्या नाहीत. तिला मात्र ते आवडलं नाही. आठवड्याभराने विवेकला म्हणाली, "काय दिवाळी, हल्ली थट्टा नाय करत? मी काय मेलंय काय?" मग आम्ही पुन्हा सुरू केलं.

पुढे चार-पाच वर्षांनी चाचांचा व्हिसा संपला आणि दोघं रत्नागिरीला परत गेली. शेगडी माझ्याकडे ठेवून गेली. निघताना सईने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "Khala, don't go." खाला मला म्हणाली, "काय बोलते ती? मराठी शिकव तिला." मग दर ईदला फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही, पलीकडून थेट, "खिडकी उघडलंस?" मी म्हणायचे, "उघडली, खाला." मग ती सईचं वजन विचारायची. सई तेव्हा शाळेत बास्केटबॉल खेळत होती.

त्या पहिल्यानंतर झालेल्या तिच्या मुलाचा फोन आला तो जुलैतल्या भर दुपारी. झोपेतच गेली, म्हणाला. मी फोन ठेवला. बाहेर भट्टी पेटली होती, घरात एसी घरघरत होता. मी उठले आणि दिवाणखान्याची खिडकी सताड उघडली. गरम वारं आत आलं. सई तिच्या खोलीतून ओरडली, "Mumma, are you mad? Who opened the window?"

सोफ्यावर बसलेल्या विवेकने तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तो उठला आणि दुसरी खिडकी उघडली.