तांबड्या शाईची हिरवी रेघ

"ही गोळी आजपासून बंद," नांदेडचे नेत्रतज्ज्ञ म्हणाले. "उशीर कराल तर अक्षरही जाईल."

क्षयासाठी मी इथॅम्ब्युटॉल नावाचे औषध घेत होतो. त्यामुळे मला टॉक्सिक ऑप्टिक न्यूरोपथी झाली होती. म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस औषधाने दुबळी झाली होती. ज्याचे पोट अक्षरावर चालते, त्याला हे ऐकून काय वाटले असेल ते वाचकांनीच जाणावे.

मी लातूरला कलेक्टर कचेरीसमोर अर्ज लिहितो. जिल्हा नवा झाला, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि टँकरच्या मागणीसाठी गावेच्या गावे माझ्या टेबलाभोवती बसू लागली. शिक्षण सातवीपर्यंत असले तरी माझ्या मसुद्यातला शब्द आजवर कोणी बदललेला नाही. 'विषय' या ओळीखाली तांबड्या शाईची रेघ, ही माझी खूण.

नांदेडला जाण्यापूर्वीची गोष्ट. मुरुड गावच्या लोकांचा अर्ज मी स्वतः कचेरीत नेला. कारकून रेघेकडे पाहत राहिला.

"मुन्शीजी, कलेक्टर कधी झालात? पेढे बी दिले न्हाईत."

मला अर्थ लागेना.

"हिरवी शाई हाय ही. साहेबाच्या सहीची. आपण वापरायची न्हाई."

"ती तांबडी आहे," मी ठणकावले. सगळी कचेरी हसली आणि अर्ज परत आला.

मी तडक शाईच्या दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुम्हीच तर हात घालून घेतली, मुन्शी." त्याने दोन दौती उघडून पुढे ठेवल्या. मला दोन्ही मातकट दिसल्या.

घरी आलो तो पत्नीला म्हणालो, "कपाळाला काळं कशाला लावलंस?"

तिने कपाळाला बोट लावून ते माझ्यापुढे धरले. मग म्हणाली, "कुंकूच हाय. रोजचंच हाय."

डोळे दाखवायला तिनेच मला नांदेडला नेले, तिथे तिचा भाऊ राहतो. वाटेत लोहा गावाच्या अलीकडे तिने एसटीच्या खिडकीतून लालभडक फुललेला पळस दाखवला. मला उन्हात वाळलेले झाड दिसले, पण मी "हो" म्हणालो.

दवाखान्यात बाकावर दुपार गेली. मग रंगीत ठिपक्यांचे पुस्तक समोर आले. ठिपक्यांत अंक लपलेले असतात. पहिल्या पानावरचा अंक मी वाचला. पुढच्या पानांवर मला नुसते ठिपकेच दिसले.

डॉक्टरांनी समजावले, "काहींना हा दोष जन्मतः असतो, बहुधा पुरुषांना. तुमचा मागून आलेला आहे. काही औषधं, तंबाखू, दारू, नसेचे आजार यांनी तो येतो."

"गोळी बंद केली तर छातीचं काय?"

"लातूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. ते दुसरं औषध देतील."

"आणि रंग?"

"ते सांगता येत नाही."

पुढे खोकला थांबला. अक्षरही हळूहळू ठळक झाले. तांबडा रंग मात्र मळक्या विटेसारखाच राहिला, आणि आता तो सुधारेल अशी आशा मी धरत नाही. रेघ निळ्या शाईने मारतो.

क्षयाची औषधे घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, रंग फिके वाटू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. गोळी मनाने बंद करू नये आणि शाईवाल्याशी भांडत बसू नये. त्या कारकुनाचा मला फार राग आला होता. आज वाटते, तो हसला नसता तर मी त्याच गोळ्या गिळत राहिलो असतो.

सकाळी मी कचेरीकडे निघालो की पत्नी दारापर्यंत येते.

"लावलंय हो," ती म्हणते.

मी तिच्या कपाळाकडे पाहतो आणि मान डोलावतो.