हौशाच्या वाट्याची पोळी

आमच्या भजनी मंडळात माझी एक गोष्ट सांगतात. पांजरपोळात सोडलेल्या बैलाने मला इतक्या वर्षांनंतर ओळखलं, खांद्यावर मान टाकली, त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मी ती खाली मान घालून ऐकत आलो. आता वय झालं. खरं सांगितल्याशिवाय हातात माळ धरवत नाही.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. फैजपूरजवळ आमची केळीची बाग होती. मोट ओढता ओढता आमच्या हौशा बैलाचा पाय कायमचा गेला, तेव्हा मी त्याला गाडीत घालून जळगावला पांजरपोळात सोडलं. तिथे जनावर मारत नाहीत, मरेपर्यंत सांभाळतात. ‘कसायाला दिला नाही हो,’ असं मी गावभर सांगे. बायको एवढंच म्हणाली, “पोळ्याला त्याची पोळी तेवढी पोचवत जा.” मी हो म्हणालो आणि कधीच गेलो नाही. बैल जिवंत होता, माझे हात स्वच्छ होते, मग जायचं कशाला?

पुढे ती वारली. पोटी मूल नव्हतं. पोळ्याला गावात घुंगरं वाजू लागली आणि घरात आपल्याला हाक मारणारं कोणी उरलं नाही, हे अंगावर आलं. देवापुढे बसलो तर तिचे तेच शब्द ऐकू येत. शेजारच्या अक्कांकडून एक पुरणपोळी मागून घेतली आणि मोटारीत बसलो.

पांजरपोळात कपाळावर हौशाचा तो पांढरा ठिपका असलेला बैल दिसला. “हौशा” म्हणत मी त्याच्या गळ्यात पडलो, रडलो, सगळी पोळी त्याला भरवली. आणखी मिळेल म्हणून तो माझा खांदा हुंगू लागला. तिथला राखणदार धुळ्याकडचा, सगळे त्याला नाना म्हणत. तो हसला.

“आबा, इतला वरीसम्हा उनात, अन् दुसरानाच पाव्हना व्हयनात! तुमना हौशा तठे, भितले टेकीसन बठेल शे.”

इतक्या वर्षांनी आलो, तो दुसऱ्याच्याच बैलाकडे. भिंतीशी नुसती हाडं बसली होती. मी रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे उभा राहिलो. बायकोचं एकच मागणं, तेही मी भलत्याच्या तोंडी घातलं होतं.

तेवढ्यात एक अनोळखी बाई फडक्यात काही बांधलेलं घेऊन जवळ आली. “माझा बैल उन्हाळ्यातच गेला म्हणे,” ती म्हणाली. “ही पोळी घरी परत नेववत नाही. ह्याला देऊ का, भाऊ?”

मी बाजूला सरून तिला वाट करून दिली. नानाच म्हणाला, “खाऊ दे ना, माय. आठे कोन कोना शे?”

हौशाने सावकाश पोळी खाल्ली. माझ्याकडे पाहिलंही नाही. बाई त्याच्या कपाळावरून हात फिरवून निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

तिला कोणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. मारलं नाही की आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो. त्या अंगणात मात्र कामातून गेलेल्या, कोणाच्याच न उरलेल्या जिवांना नाना रोज पाणी पाजत होता.

आता मीही कामातून गेलो आहे. दुपारी कोणीतरी ओट्यावर झाकलेली ताटली ठेवून जातं. कोण, ते मी शोधत नाही. विठ्ठलाला हात जोडतो आणि जेवतो.