तीन नंबरच्या प्रेसवरचा हात

माझा डावा हात खिशात असतो. भाव करताना, लग्नात, फोटोत. त्याची करंगळी आणि शेजारचं बोट वीस-बावीस वर्षांपूर्वी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेलं. तेव्हा मी ऑपरेटर होतो. आज वाळूजला माझे स्वतःचे सहा प्रेस आहेत, कुणाच्या मेहेरबानीनं घेतलेले नाहीत.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पण एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवलं की एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो. माल भराभर निघतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना येतं आणि कुणी कुणाला शिकवलेलं नसतं.

माझी बोटं गेली त्या दिवशी पट्टी शेठनं बांधली होती. मी घाटीच्या दवाखान्यात असताना रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं : ‘बटण कामगाराने स्वतः बांधले. कामगार सध्या कामावर नाही.’ ही ओळ मला पाठ आहे. ते शेठ अजून गुलमंडीत दिसतात. मी रस्ता बदलत नाही, नमस्कारही करत नाही.

शेजारच्या प्रेसवर तेव्हा चाचा होता. त्यानंच माझा हात रुमालात गुंडाळून रिक्षात घातला. पुढं माझा कारखाना झाल्यावर पहिला माणूस म्हणून मी त्याला घेतलं.

मी ज्या कंपनीला माल देतो, तिनं बिडकीनला नवं युनिट टाकलं आणि आम्हा लहान लोकांना अट घातली. कामगारांना चित्रं, व्हिडिओ दाखवून सुरक्षा शिकवा, नाहीतर नवी ऑर्डर नाही. शिकवायला एक बाई आल्या, तिशीच्या असतील. आधी त्यांनी माझ्या भिंतीवरचं पोस्टर पाहिलं. पिवळं हेल्मेट घातलेला गोरा माणूस हसत होता.

“हा कोण?”

“काय माहीत. सेटमध्ये आला.”

“तुमच्या लोकांना हा आपला वाटेल का?”

“मॅडम, त्यांना मी तरी कुठं आपला वाटतो?”

त्यांना दोन तास मशिनी बंद हव्या होत्या. मी वीस मिनिटं म्हणालो. त्या दीड तासावर आल्या, मी पंचवीस मिनिटांवर. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, “बरं, मग चालू शिफ्टमध्ये खांबांवर कॅमेरे लावू द्या. तुमचंच काम तुम्हाला दाखवते.” मशिनी थांबणार नव्हत्या. मी लगेच हो म्हणालो. सौदा मारला असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गेटवर ट्रक उभा होता आणि माल कमी पडत होता. तीन नंबरवर चाचा होता. मी गेलो, खिशातून पट्टी काढली आणि बटण आवळलं. कॅमेरा विसरलो होतो. पण पट्टी माझ्या खिशात होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दोन आठवड्यांनी व्हिडिओ पाहायला सगळे पॅकिंगच्या खोलीत बसले. पुढच्या खुर्चीवर त्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी, मांडीवर वही. भिंतीवर चादर. सुरुवातीला हशा झाला.

“अय, पोट बघ याचं!”

“मैं इतना बुड्ढा दिखता क्या रे?” चाचा म्हणाला.

“नाय चाचा, कॅमेऱ्यानं दहा वर्षं कमी केली!”

मग तीन नंबर आला. बाईंनी चित्र थांबवलं. चादरीवर एक हात होता, पट्टी आवळणारा. चेहरा वरून कापलेला. अंगठा आणि दोन बोटं.

हशा बंद झाला. सगळ्यांना माहीत होतं. अधिकाऱ्याला नव्हतं, त्यानं माझा हात कधी खिशाबाहेर पाहिलेला नव्हता.

“हा कोण?”

चाचा उठला.

“वो छोड के गया साहेब. आठ दिवस झाले.”

अधिकारी लिहायला लागला. मी मागं उभा होतो, मला अक्षरं दिसत होती. ‘बटण कामगाराने बांधले. सध्या कामावर...’

माझं डोकं तापायला पाहिजे होतं. शिव्यांसाठी मी वाळूजभर प्रसिद्ध आहे. पण आत काहीच हललं नाही.

“खोडा ते,” मी म्हणालो आणि हात त्याच्या वहीवर ठेवला.

त्यानं हाताकडे पाहिलं, मग चादरीकडे. “शेठ, ऑर्डर थांबेल. सहाही प्रेसना जाळी बसवा, बटणं बदला. मग महिन्याभरानं तपासू.”

“पंधरा दिवसांत करतो.”

“महिना.”

“वीस.”

तो वीसला तयार झाला.

नंतर गेटसमोरच्या टपरीवर चाचा आणि मी दोघंच होतो. लोकांत तो मला शेठ म्हणतो, एकटं असलं की नाही.

“कशाला बोलला तू? माझा ओव्हरटाइम बी गेला ना.”

“तुम्ही खोटं का बोललात?”

“आदत है.” त्यानं बशीत चहा ओतला. “तुझी बोटं गेली तेव्हा बी साहेबानं मलाच विचारलं होतं. शेठ मागं उभा होता. मी बोललो, त्यानंच बांधलं, छोड के गया. घरी तीन लेकरं होती रे माझी.”

मी वीस वर्षं त्या ओळीवर चुकीच्या माणसाची सही वाचत होतो. चहाला चव नव्हती. प्यायलो.

“मला काढून टाकतो का?” चाचानं विचारलं.

“उद्या आठला या.”

तो आठला आला. बाईंनी त्या हाताचं चित्र मोठं छापून पाठवलं होतं. गोऱ्या माणसाला उतरवलं आणि तीन नंबरच्या वर जागा ठरवली. चाचानं हातोडी घेतली. खिळा मी धरला, डाव्या हातानं.

“हलवू नको,” तो म्हणाला.

“नाही हलवत. मारा.”