शालनवहिनीच्या चपला

शाळेशेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. फोन कानाला लावला तर पलीकडं दादा नुसता रडत होता. "शालन गेली गं..." इंदापुरात भर दुपारी मी रस्त्यावर मटकन बसले. कावीळ अंगावर काढली वहिनीनं. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं कशाला ऐकेल? महिना होत आला, पण अजून तिचा राग येतो मला. आणि आठवण आली की रडूही येतं.

दादा भोसरीला फाउंड्रीत. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. त्याची मनिऑर्डर लासुर्ण्याला यायची ती आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावानं. पोस्टमन ती पारावरच द्यायचा. मग चार माणसांत आबा हात आखडता कसा घेणार? याला चहा, त्याला चहा, भावकीतल्या लग्नात भारी आहेर! घरी यायचं ते उरलंसुरलं. दादाला सगळं ठाऊक होतं, पण वडीलधाऱ्यांच्या हाती पैसे द्यायची रीत मोडायला त्याची छाती होत नव्हती.

मी दहावी झाले. बारामतीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. आबा म्हणाले, "पैसं कुठं हायती? उजवून टाकू पोरीला." वहिनी चुलीपुढं भाकरी थापत राहिली. मला वाटलं, संपलं आपलं शिक्षण. पण जत्रेला दादा आला, तेव्हा त्याला भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "पुढच्या म्हयन्यापासनं माझ्या नावानं धाडा."

दादाला ठसकाच लागला. "बायकूच्या मुठीत गेला म्हणत्याल लोकं."

"म्हणू द्या की. लोकं येत्यात व्हय तुमची भट्टी पेटवायला?"

आमच्याकडं पारापुढून जाताना बायका चपला काढून हातात घ्यायच्या. पोस्टमन आला त्या दिवशी वहिनी मला घेऊन निघाली, चपला पायातच. मी सवयीनं माझ्या काढल्या. "घाल गं पायात! जपून धरायला अंडी हायती व्हय ती?" तिकडं आबांनी हात पुढं केलेला, पोस्टमन घुटमळत उभा. "आणा हिकडं. नाव माझं हाय. आन् अंगठा न्हाय, सही करती." एकेक अक्षर कोरत तिनं सही केली. सगळा पार बघत राहिला. आबांनी पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. "बरं झालं, तेवढाच कानाला आराम," म्हणाली. आणि मी बारामतीला गेले.

परगावी राबणारा माणूस मायेनं पैसे धाडतो, हे खरंच आहे. पण धाडताना तो पारालाही भितो. पैसा कुणाच्या हाती पडतो, त्यावर त्याचा आहेर होणार की पोरीची शाळा, हे ठरतं. मी शिक्षिका झाले ती वहिनीच्या सहीमुळं.

लासुर्ण्याला वहिनीचा दहावा झाला आणि पारावरनं निरोप आला, मनिऑर्डर आता पुन्हा आबांच्या नावानं यावी. दादा खाली मान घालून बसलेला. त्याची चौथीतली सुमी माझा पदर सोडत नव्हती. उंबऱ्याशी वहिनीच्या चपला होत्या, टाचेला झिजलेल्या. कुणाला हलवायचं धाडस झालं नव्हतं. मी त्या पायात घातल्या आणि थेट पारापुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, सुमी माझ्याकडं इंदापूरला शिकणार हाय. मनिऑर्डर माझ्या नावानं यील."

आबांनी माझ्या पायांकडं पाहिलं. चपला ओळखल्या त्यांनी. मान वळवून तंबाखू मळायला घेतली.

त्या चपला आता माझ्या दाराशी असतात. सुमी अधूनमधून घालून बघते. फार मोठ्या होतात तिला. होऊ देत. पाय वाढतोय तिचा.