जाहिरातीमागं पळालेली म्हैस

माझ्या आजवरच्या कारकिर्दीत माझी जाहिरात पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत कान देऊन ऐकणारं एकच गिऱ्हाईक मला लाभलं, आणि ती आमची म्हैस होती.

मी साउंड डिझायनर आहे. म्हणजे जाहिरातीत जे दिसतं ते दुसरे करतात आणि जे ऐकू येतं ते मी करतो. भजी तेलात पडल्याचा चुर्र, कपाट लागल्याचा धप्प, चहाच्या पहिल्या घोटानंतरचं 'हाऽऽ', हे सगळं खोलीत बसून बनवावं लागतं. पुण्यात दोन वर्षं हे शिकून मी कोल्हापुरात परत आलो, तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावून सांगण्यात माझी अख्खी एक दुपार गेली. आबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मला वाटलं, पोचलं! तेवढ्यात दारात एक पाहुणे आले.

"पोरगं काय करतंय आता?" त्यांनी विचारलं.

"आवाज काढतंय," आबा म्हणाले.

"कसला?"

"कसलाबी. सांगंल त्यो."

आबांचा दुधाचा धंदा. घरामागे गोठा, गोठ्यात बारा म्हशी, आणि त्या बारांत सोनी ही महाराणी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, अंग भादरून त्यावर नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मग मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत पुढे जायचं. म्हशीनं त्या आवाजामागे धावायचं, आणि जी सगळ्यांत जोरात धावेल तिचा पहिला नंबर. दोरी नाही, काठी नाही! शंभर गाड्यांच्या गोंगाटात म्हशीला आपल्या मालकाची गाडी बरोबर ओळखू येते. आणि मालकानं मागे वळून बघायचं नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. वळून बघितलं म्हणजे म्हशीवर भरवसा नाही, आणि ज्याचा म्हशीवर भरवसा नाही त्याला पुढचं वर्षभर कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय नाही. आबांनी उभ्या हयातीत एकदाही मागे बघितलेलं नाही. (गाडीचे आरसेसुद्धा त्यांनी काढून टाकलेत!)

मी आबांना म्हटलं, "आपण आपल्या दुधाची झकास जाहिरात करू या. आवाज सगळा माझा."

"जाहिरात कशाला? पाडव्याला सोनी पळती, सारं गाव बगतंय. तीच माजी जाहिरात."

झालं! घरचं गिऱ्हाईक गेलं. बाहेरचं एकच आलं, आणि ते नेमके आण्णाप्पा काका. आण्णाप्पा काकांची डेअरी पलीकडच्या गल्लीत. आबा आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे, आणि तेव्हापासून दोघांत एकच विषय चालू आहे: कुणाची म्हैस भारी. खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण सहा महिने घरी बसून मी इतका कावलो होतो, की कुणी चिमणीच्या खोकल्याचं काम दिलं असतं तरी मी केलं असतं.

"फक्त एक करा काका," मी म्हणालो, "जाहिरात दिवाळी झाल्यावर लावा. आबांना मी सवडीनं सांगतो."

"व्हय की! तुज्या आबाचं काळीज मला म्हाईत न्हाय व्हय?" काका म्हणाले आणि त्यांनी मला धारोष्ण दुधाचा पेला पाजला. (दूध चांगलं होतं. हे मी आजवर घरात बोललेलो नाही.)

कामाला लागलो. बादलीत दुधाची धार पडल्याचा आवाज हवा होता. खऱ्या दुधाची धार माइकवर नळाच्या पाण्यासारखी वाजते, म्हणून मी न्हाणीघरात बसून होळीच्या पिचकारीनं स्टीलच्या बादलीत पाणी मारलं. ते हुबेहूब दुधासारखं वाजलं! खरी म्हैस माइकवर ओरडली तर गंजलेलं फाटक उघडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून हंबरलो तोही मीच. संगीताला हलगी आणि खर्जात घुमणारं घुमकं घेतलं. शेवटची आरोळी मारायला चांगला भरदार आवाज मिळेना, म्हणून तीही मीच मारली: "दूऽऽध म्हंजे दूध! आण्णाप्पाचंऽऽच दूध!"

सगळं जमलं, पण जोर येईना. जोर यायला पाहिजे होती पाडव्याची फटफट. आण्णाप्पा काकांची गाडी नवी कोरी, तिचा आवाज मिक्सरमध्ये चटणी फिरवल्यासारखा. माझ्या ओळखीत खणखणीत आवाजाची गाडी एकच होती.

"आबा, तुमच्या गाडीचा आवाज जरा रेकॉर्ड करून ठेवू का? आठवण म्हणून?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आबा रतीब घालून आले आणि त्यांनी गाडी धुतली. आवाज रेकॉर्ड करायला गाडी धुतली! प्लग साफ केला, डोक्याला पटका बांधला आणि मैदानात उभे राहिले. मी केसाळ टोपी घातलेला माइक पुढे केला.

"ह्ये मांजार कशाला आणलंस?" आई म्हणाली.

"गप गं, काम चाललंय इन्याचं," आबा तिच्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या धंद्याला काम म्हटलं होतं, आणि ते मी त्यांच्याच वैऱ्यासाठी करत होतो. मला लाज वाटली. पण काय सांगू, आवाज इतका देखणा आला होता की लाज फार वेळ टिकली नाही.

आता माझी खोली आणि गोठा यांच्यात एक खिडकी आहे. रोज सकाळी आबा रतिबाला गेले की मी स्पीकर लावून जाहिरात जुळवायला बसायचो. फटफट थोडी जाड केली, तिच्याखाली घुमकं घातलं, वरचा खरखराट काढला. खरी गाडी त्याच्यापुढे सर्दी झाल्यासारखी वाटायला लागली! पण स्पीकरवर फटफट सुरू झाली रे झाली की सोनी दावं ताणून हंबरायला लागायची. तिला वाटायचं, आबा आले, चला पळायला. शेवटची आरोळी ऐकेपर्यंत मी कसाबसा दम धरायचो, आणि ती संपली की खिडकीतून मूठभर सरकी पेंड तिच्या तोंडात कोंबायचो, म्हणजे ती गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला तीसेक वेळा तरी. असे पंधरा दिवस!

"पेंड कुटं जातीया रं एवढी?" आई अधूनमधून विचारायची.

"उंदीर असतील," मी म्हणायचो.

पाडवा उजाडला. सोनी अशी सजली होती की लग्नघरातल्या करवल्यांनी बाजूला व्हावं. आबांनी गाडीला किक मारली, उजवा हात हवेत उंच केला आणि निघाले. फटफटफटफट! सोनी शेपटी उंचावून मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, शिट्ट्या, हलगी. आई आणि मी कडेनं धावत होतो. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आणि चौकात आडव्या रस्त्यानं एक टेम्पो आला. पाठीमागे भलामोठा पडदा, पडद्यावर हात जोडलेले आण्णाप्पा काका, आणि टपावर चार भोंगे. काकांनी दिवाळी संपायची वाट बघितली नव्हती. इतकी आयती गर्दी सोडून वाट कोण बघेल?

भोंग्यांतून फटफट सुरू झाली. सोनी थांबली. तिचे कान वळले. समोर सर्दी झालेली गाडी, उजवीकडे घुमकं घातलेली गाडी! तिनं एका क्षणात निकाल दिला आणि टेम्पोमागे सुटली.

"अगं ये! इकडं! इकडं!" मी ओरडलो. माझ्यापेक्षा माझाच आवाज चार भोंग्यांतून जास्त मोठा येत होता. टेम्पोच्या ड्रायव्हरनं आरशात बघितलं, तर रंगवलेल्या शिंगांचं सहा-सातशे किलोचं प्रकरण अंगावर येतंय! त्यानं टेम्पो पळवला. मी मागून बोंबललो, "आवाज बंद करा! आवाज!" त्याला वाटलं मी 'पळा' म्हणतोय. त्यानं अजून पळवला.

आणि आबा? आबा हात वर करून, छाती काढून, मागे न बघता चालले होते. माणसं आधी टाळ्या वाजवत होती, मग हळूहळू हसायला लागली. आबांना वाटलं, लोक खूश आहेत. त्यांनी हात आणखी उंच केला. मागे चिटपाखरू नव्हतं.

टेम्पो जाऊन थांबला थेट आण्णाप्पा काकांच्या डेअरीसमोर. सोनीही थांबली आणि पेंडीची वाट बघत जीभ फिरवायला लागली. काका पटका बांधून दारातच उभे होते. त्यांनी आधी म्हशीकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि मग हळद-कुंकवाचं ताट मागवलं.

"सोताच्या पायानं आलीया लक्ष्मी! म्या न्हाय बोलीवली!" ते जमलेल्या लोकांना सांगत होते.

कुणीतरी गाठून सांगितल्यावर आबा आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गाडीवर बसून राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "आण्णाप्पा, माजी म्हस दे."

"धरलीया कुणी? ने की!"

आबांनी किक मारली. फटफटफट! सोनीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा टेम्पोकडे तोंड केलं. आबांनी परत किक मारली. एवढ्या गर्दीत कुणी हसलं नाही, इतकं ते वाईट दिसत होतं. तेव्हाच टेम्पोच्या भोंग्यातून जाहिरात पुन्हा सुरू झाली आणि आई माझ्या शेजारी थबकली.

"अवं," ती म्हणाली, "ह्ये तर रोज सकाळी आपल्याच खोलीत वाजत हुतं की! आन् ही आरोळी आपल्या इन्याची हाय. आन् उंदीरबी ह्योच हाय!"

आख्खी गल्ली माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं. पिचकारीपासून पेंडीपर्यंत. आबांनी मधे एकच प्रश्न विचारला.

"माज्या गाडीचा आवाज ह्येच्यात घातलास?"

"व्हय आबा. चुकलं माझं."

आबांनी भोंग्याकडे कान लावला. मग म्हणाले, "लई झ्याक वाजतीया रं."

पण सोनीला घरी न्यायची कशी, हा प्रश्न उरलाच. ती टेम्पोशिवाय पाऊल उचलेना. शेवटी जगात कधी निघाली नसेल अशी मिरवणूक निघाली: पुढे आण्णाप्पा काकांची जाहिरात ठणाणा करणारा टेम्पो, त्याच्यामागे सोनी, आणि म्हशीच्या मागे, मान खाली घालून, आबा. मालक म्हशीमागे! आमच्या गल्लीतून आण्णाप्पाच्या दुधाचा जयघोष होत गेला, आणि तो माझ्या आवाजात!

मी भरपाई करायची ठरवली. जाहिरातीतून काकांचं नाव कापून नुसती फटफट सोनीला ऐकवली. ढिम्म. आमचं नाव घालून ऐकवली. तिनं शेण टाकलं. पेंड तिला त्या आरोळीनंतर मिळायची, त्यामुळे तिच्या लेखी खरा ऐवज तीच होती. पुढच्या पाडव्याला आबांनी स्पीकर लावायला साफ नकार दिला.

"यंत्रामागं म्हस पळवायची न्हाय मला. तोंड हाय न्हवं तुला? बस मागं."

म्हणून हल्ली दर पाडव्याला मी आबांच्या गाडीवर पाठमोरा बसतो, म्हशीकडे तोंड करून. पुढे आबा, छाती काढून, हात वर, मागे न बघता. आणि मी, पुण्यात दोन वर्षं शिकलेला साउंड डिझायनर, शिरा ताणून सबंध रस्ताभर ओरडतो, "आण्णाप्पाचंऽऽच दूध!" सोनी वाऱ्यासारखी येते. सलग दोन वर्षं आमचा पहिला नंबर आहे. आण्णाप्पा काका कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. (न वाजवून करतील काय, जाहिरात त्यांचीच!)

यंदा शर्यत संपल्यावर एका पाहुण्यानं आबांना विचारलं, "मागं बसलेलं कोण? काय करतंय?"

"माजा पोरगा!" आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आवाज काढतोय!"

माझी मान ताठ झाली. म्हटलं, चला, घरात आता एक झाला, आणि गोठ्यात तर आपल्या कलेचा एक दर्दी आधीपासूनच आहे. मी सोनीकडे कृतज्ञतेनं बघितलं. तीही एकटक बघत होती, माझ्या खिशातल्या पेंडीकडे.