पेर्तुलाच्या मालकांची पाठ

मान्ता तुंबड्या लावायची. शनिवारी वाफेची सौना तापली की पंचक्रोशीतल्या दुखऱ्या पाठी तिच्यापुढे यायच्या. तिथे लाल काय नि पांढरे काय, सगळे उघडेच!

फिनलंडातली यादवी संपून तीन वर्षं झाली होती. नवरा यालमारी लालांच्या, म्हणजे कामगारांच्या, बाजूनं लढला म्हणून अजून तुरुंगात. मुलगा तौनो हात वर करून शरण गेला, तर छावणीवर पहाऱ्याला असलेल्या, पेर्तुला नावाच्या मोठ्या शेतवाडीच्या मालकांनी त्याला रांगेतून काढून जंगलात नेलं आणि गोळी घातली. मालक जिंकलेल्या पांढऱ्यांचे, म्हणून त्यांना सरसकट माफी. वा रे न्याय!

"त्याच्या पाठीला हात तरी कसा लावतेस गं?" शेजारणी विचारायच्या. मान्ताला हल्ली काही वाटतच नसे; मेला रागसुद्धा यायचा नाही. एकच हवं होतं, तौनोची हाडं उकरून चर्चच्या आवारात आईच्या हातची मूठमाती. कुठे पुरलं ते मालकांनाच ठाऊक. सौनात कोणी भांडत नाही, खोटं बोलत नाही. ती जागा चर्चइतकीच पवित्र. तिनं तिथेच विचारायचं ठरवलं.

पुढच्या शनिवारी मालक सौनातल्या फळीवर पालथे पडले होते. तिनं पात्यानं बारीक चिरा पाडल्या, त्यांवर तुंबड्यांची पोकळ शिंगं बसवली.

"हलका हात आहे हो तुझा," मालक सुखावून म्हणाले.

"मालक, माझा तौनो कुठे पुरलात?"

मालकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तौनो म्हणजे... तो कुरळ्या केसांचा?"

"नाही. सरळ, पिवळे. गालावर तीळ."

"तळ्याकाठी नेले त्यांच्यात होता का?"

"ते मला काय माहीत? नेलंत तुम्ही."

त्यांनी कपाळ फळीवर टेकलं. "खरंच आठवत नाही गं, मान्ता. फार होते. सगळे सारखेच दिसायचे."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं असतं तर आज ना उद्या त्यांच्या तोंडून खरं काढता आलं असतं. मान्ताला ओरडावंसं वाटलं असतं, तरी सौनात ओरडत नाहीत. आणि आतून काही येतही नव्हतं. तिनं शिंगं काढली, रक्त पुसलं, कोमट पाणी ओतलं.

"पाठ दुखली की परत या, मालक. तोवर आठवून ठेवा."

मालक उठून बसले. "आणि नाहीच आठवलं तर?"

"तरी या. मी परत विचारीन."